सुप्याची होळी आणि माझा क्रेडिट रिपोर्ट

गेल्या वर्षी होम लोनसाठी अर्ज केला. पगार बरा, डोक्यावर एकही कर्ज नाही, तेव्हा आपल्याला कोण नाही म्हणणार, असा माझा समज. बँकेतल्या मुलाने स्क्रीनकडे थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, "सर, तुमच्या रिपोर्टमध्ये एक राइट-ऑफ दिसतंय."

डोकं खाजवल्यावर आठवलं. सहा वर्षांपूर्वी बंगलोरला असताना एका बँकेने गळ्यात मारलेलं क्रेडिट कार्ड. मी ते एकदाही वापरलं नव्हतं. पण त्याची वार्षिक फी ४९९ रुपये, त्यावर लेट फी, त्यावर व्याज, आणि सगळी पत्रं जुन्या फ्लॅटच्या पत्त्यावर. म्हणजे इतकी वर्षं कुणीतरी माझ्याबद्दल एक फाइल लिहीत होतं आणि ती मी सोडून बाकी सगळे वाचू शकत होते!

त्या चिडचिडीत शनिवारी कर्जाच्या कागदपत्रांचा इतिहास वाचायला बसलो आणि जाऊन पोचलो १८७५ सालच्या सुप्याला. (नगर रोडवरचं एमआयडीसीवालं सुपे नव्हे. हे मोरगावजवळचं, आताच्या बारामती तालुक्यातलं.)

शाळेत 'दख्खनचे दंगे' दोन मार्कांना असायचे. १२ मे १८७५, सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले, संपला विषय. तेव्हा एक गोष्ट लक्षातच आली नव्हती. दुकानं लुटली, कुठे धान्य नेलं, हे झालंच. पण जमावाची पहिली मागणी पैशांची नव्हती, कागदांची होती. वह्या, कर्जखतं, हुकूमनामे बाहेर काढा! पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगावी हेच झालं. सावकाराने कागद मुकाट्याने दिले की बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला हात लागला नाही. कागदांची मात्र होळी झाली.

कागदांवर एवढा राग का? पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं, तिकडचा कापूस बंद झाला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकार सढळ हाताने कर्ज देऊ लागले. युद्ध संपलं, भाव कोसळले. त्यातच सरकारने शेतसारा वाढवला. सारा भरायला पुन्हा कर्ज, आणि आता सावकाराचा हात आखडलेला.

पण खरी गंमत (गंमत कसली म्हणा) कायद्यात होती. १८५९ मध्ये मुदतीचा कायदा आला. साध्या कर्जखतावर तीन वर्षांच्या आत दावा लावायचा, नंतर नाही. हेतू चांगला होता, व्याज वर्षानुवर्षं साचत राहू नये. झालं उलटंच. तीन वर्षं भरत आली की सावकार नवीन खत लिहून घ्यायचा, आणि जुनं मुद्दल अधिक थकलेलं व्याज हे नव्या खतात 'मुद्दल' व्हायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर जुना लॉग डिलीट आणि फक्त शेवटचा बॅलन्स शिल्लक! मूळ कर्ज किती, फेडलं किती, हे त्या कागदावरून कळायची सोयच नाही. कुळाला लिहिता-वाचता येत नाही, पैसे भरल्याची पावती मिळत नाही. खाली अंगठा मात्र त्याचाच.

मग दावा. कोर्ट तालुक्याला किंवा त्याहून लांब. समन्स कधी मिळायचं, कधी नाही. मिळालं तरी वकिलाला पैसे कुठले? आणि खतावर अंगठा आपलाच आहे म्हटल्यावर बोलणार काय? त्यामुळे ढिगाने दावे एकतर्फी निकाली निघायचे. कोर्ट समोरचं खत बघायचं, खतामागचा हिशोब नाही. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावात एका सावकाराने दीडशे रुपयांच्या कर्जापायी तिथल्या देशमुखाविरुद्ध हुकूमनामा मिळवला आणि त्याचं घर पाडायला घेतलं. तिथूनच सावकारांवर बहिष्कार सुरू झाला. वह्या जाळणं ही त्यानंतरची पायरी.

वह्या जाळून काय मिळालं? धरपकड झाली, शिक्षा झाल्या. पण सरकारने चौकशी आयोगही नेमला, आणि १८७९ मध्ये डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्ट आला. सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांपुरता. मी तो वाचला तेव्हा चाटच पडलो. कोर्टाने नुसतं खत बघायचं नाही, व्यवहाराचा पहिल्यापासूनचा इतिहास तपासायचा. मुद्दल आणि व्याज वेगळं मांडायचं. पैसे भरले की शेतकऱ्याला पावती, वर्षाला हिशोबाचा उतारा, आणि मागितलं तर पासबुक. आणि कर्जाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं नाही.

या कायद्याने सगळं आलबेल झालं असं मुळीच नाही. सावकारांनी गहाणखताऐवजी सरळ खरेदीखतं लिहून घ्यायला सुरुवात केली, उधारी आणखी अवघड झाली. पण एक तत्त्व कागदावर आलं: ज्याच्याबद्दलची नोंद आहे, त्याला ती बघता आली पाहिजे आणि खोडता आली पाहिजे.

आता आपल्याकडे या. सिबिल स्थापन झाली २००० मध्ये, क्रेडिट माहिती कंपन्यांचा कायदा झाला २००५ मध्ये. आपला रिपोर्ट मागण्याचा आणि चूक दुरुस्त करून घेण्याचा हक्क त्याच कायद्यात आहे. २०१७ पासून प्रत्येक कंपनीने वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा आहे, आणि २०२४ पासून तक्रार तीस दिवसांत सुटली नाही तर दिवसाला शंभर रुपये भरपाई. आपल्यातल्या किती जणांनी तो रिपोर्ट उघडलाय? मीही उघडला नव्हता.

लक्षात ठेवायचं ते एवढंच. क्रेडिट फाइल म्हणजे कोर्टाचा निकाल नव्हे, ती सावकाराची वही आहे. बँक सांगते, कंपनी लिहिते, मध्ये न्यायाधीश नसतो. हुकूमनामा ही वेगळी चीज. कर्जाच्या दाव्याची मुदत आजही साधारण तीन वर्षं आहे, पण एकदा हुकूमनामा झाला की त्याच्या अंमलबजावणीला तब्बल बारा वर्षं मिळतात. त्यामुळे समन्स आलं तर ते ड्रॉवरमध्ये टाकू नका. समन्स न मिळताच एकतर्फी निकाल झाला असेल, तर कळल्यापासून तीस दिवसांत तो रद्द करायचा अर्ज देता येतो. घर बदललं की बँकेला पत्ता कळवा. एवढ्याशा आळसात माझा घास गेला!

माझी नोंद शेवटी दुरुस्त झाली. दोन महिने आणि एकवीस ई-मेल लागले. तोवर तो फ्लॅट दुसऱ्या कुणीतरी घेतला होता. बायको अजूनही त्या रस्त्याने जाताना तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीकडे बघते आणि काही बोलत नाही.

मला ई-मेल पाठवता आले, रिपोर्ट वाचता आला, तक्रार कुठे करायची ते माहीत होतं. सुप्याच्या शेतकऱ्याकडे यातलं काहीच नव्हतं, फक्त काडेपेटी होती.

असो. आज रविवार आहे, दहा मिनिटं काढा आणि आपली वही मागवा.