व्हाइट हाउसच्या फाटकाशी उभी पोरं

एप्रिल १९२२च्या अखेरीस वॉशिंग्टनमध्ये बायकामुलांचा एक जथा येऊन पोचला. माणसं फार नव्हती, तीसपस्तीसच असतील. सेंट लुईसहून गावोगाव थांबत, सभा घेत ती आली होती. बरीच कुटुंबं ओक्लाहोमाकडच्या गरीब कुळांची. पोरांच्या हातात फलक होते. त्यांतल्या एकावरचा सवाल बिनतोड होता: डेब्ज सुटले, मग माझे बाबा का नाही?

युजीन डेब्ज हे समाजवाद्यांचे पुढारी. १९१८मध्ये ओहायोतल्या कँटन गावी केलेल्या युद्धविरोधी भाषणापायी त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगातूनच त्यांनी १९२०ची अध्यक्षपदाची निवडणूक लढवली आणि नऊ लाखांवर मतं घेतली. अध्यक्ष हार्डिंग यांनी १९२१च्या नाताळात त्यांना सोडलं, वर व्हाइट हाउसमध्ये भेटीलाही बोलावलं. पण युद्धकाळातल्या त्याच कायद्यांखाली आत गेलेली साधी माणसं तशीच खितपत पडली होती. त्यांना कोण ओळखत होतं? शिकागोच्या खटल्यात न्यायाधीश लँडिस यांनी आयडब्ल्यूडब्ल्यू या कामगार संघटनेच्या पंधरा जणांना वीस-वीस वर्षं ठोठावली. टिळकांना १९०८मध्ये मंडालेची सहा वर्षं झाली तेव्हा आपल्याकडे केवढा हलकल्लोळ उडाला होता! इथे तर राज्य परक्यांचंही नव्हतं.

ही मोहीम केट रिचर्ड्स ओ'हेअर यांची. चार मुलांची ही आई स्वतः एका भाषणापायी पाच वर्षांची शिक्षा घेऊन मिझुरीच्या तुरुंगात राहून आलेली; १९२०मध्ये शिक्षा कमी झाली म्हणून सुटलेली. घरातलं एक माणूस आत गेलं की मागच्यांचं काय होतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. मुलांना पुढे करण्याची युक्तीही नवी नव्हती. १९०३मध्ये मदर जोन्स यांनी गिरण्यांतल्या बालमजुरांना घेऊन थेट थिओडोर रूझवेल्ट यांच्या घराकडे मोर्चा नेला होता.

रूझवेल्ट तेव्हा भेटले नव्हते. हार्डिंगही आल्या आल्या भेटले नाहीत. मग बायकापोरं फलक घेऊन व्हाइट हाउससमोर उभी राहू लागली. उन्हाळ्यात अखेर अध्यक्षांनी प्रकरणं तपासायचं कबूल केलं आणि काहींचे बाप घरी आले.

मेख होती ती माफीच्या अर्जाच्या पद्धतीत. सरकारला हवा होता एकेकट्याचा अर्ज. लेव्हनवर्थ तुरुंगातल्या आयडब्ल्यूडब्ल्यूच्या ५२ जणांनी हार्डिंग यांना खुलं पत्र लिहून तो करायला नकार दिला. गुन्हाच केलेला नाही, तर माफी कसली मागायची? शिवाय साथीदारांना आत ठेवून एकट्याने बाहेर कसं पडायचं? फाटकाशी उभ्या पोरांचे बाप तेच होते असं नव्हे. तरी बाहेर कुणाची तरी लेकरं दया मागत होती आणि आतली माणसं ती नाकारत होती, हे चित्र अमेरिकी माफीच्या इतिहासात मला सगळ्यात बोलकं वाटतं. युद्धकाळातल्या कायद्यांखालच्या उरलेल्या ३१ कैद्यांना डिसेंबर १९२३मध्ये अध्यक्ष कूलिज यांनी सोडलं.

युद्धाचा ज्वर उतरला, पण लांबलचक शिक्षा पुढे वेगळ्या वाटेने परत आल्या. १९८६च्या कायद्याने अमली पदार्थांच्या गुन्ह्यांना किमान शिक्षा बांधून दिल्या. १ नोव्हेंबर १९८७पासूनच्या गुन्ह्यांसाठी संघराज्याच्या तुरुंगांतला पॅरोलच बंद झाला. न्यायाधीशाचे हात बांधलेले, पॅरोल मंडळाचा रस्ता बुजलेला; मग राष्ट्राध्यक्षांकडे अर्ज करण्यावाचून बहुतेकांपुढे फारसं काही उरलं नाही.

यूटामधल्या वेल्डन अँजेलोस या तरुण बापाचा खटला त्यातूनच गाजला. थोडाथोडा गांजा तीनदा विकला आणि जवळ पिस्तूल बाळगलं, यासाठी २००४मध्ये त्याला ५५ वर्षांची शिक्षा झाली. न्यायाधीश पॉल कॅसेल यांनी त्याच दिवशी एका वृद्धेला ओंडक्याने मारून टाकणाऱ्याला २२ वर्षं दिली होती. अँजेलोसची शिक्षा अन्यायकारक आहे असं त्यांनी निकालपत्रातच नोंदवलं, राष्ट्राध्यक्षांनी ती कमी करावी अशी शिफारस केली आणि पुढे ओबामांना पत्रही लिहिलं.

ओबामांनी एकूण १,७१५ जणांच्या शिक्षा घटवल्या. त्यांत अँजेलोस नव्हता. तो २०१६मध्ये सुटला तो कोर्टातून, सरकारी वकिलांच्याच पुढाकाराने. माफी मिळाली डिसेंबर २०२०मध्ये, ट्रम्प यांच्याकडून. त्याची शिक्षा ५५ वर्षांवर गेली ती एकाच खटल्यातल्या पिस्तुलाच्या दुसऱ्या-तिसऱ्या आरोपाला वाढीव शिक्षा चढवण्याच्या तरतुदीने; ती तरतूद २०१८च्या कायद्याने काढून टाकली, पण ज्यांना आधीच शिक्षा सुनावली गेली होती त्यांना ती सवलत आपोआप लागू केली नाही.