कोरियन आडनावांची कुळकथा

सुरतेच्या पश्चिमेस, तापी नदी जेथे सागरास मिळते, तेथे हजीरा हे गाव आहे. जवळच्याच सुवालीच्या किनाऱ्यावर 1612 साली इंग्रज आणि पोर्तुगीज जहाजांची झुंज झाली होती. कालचक्र फिरले. 2019 च्या जानेवारीत, कोरियन तंत्रावर आधारलेली ‘वज्र’ तोफ घडविणारा हजीऱ्याचा कारखाना राष्ट्रास अर्पण झाला. दूरच्या देशाशी असा व्यवहार जुळला, की त्या देशातील माणसांची नावेही कानांवर पडू लागतात. कोरियन नावे प्रथमच ऐकणारा मनुष्य बुचकळ्यात पडतो, कारण किम, ली आणि पार्क हीच आडनावे त्यास पुन्हापुन्हा भेटतात. 2015 च्या शिरगणतीप्रमाणे दक्षिण कोरियातील दर 100 माणसांपैकी सुमारे 45 माणसे या तीन आडनावांची आहेत.

तेथे आडनाव आधी व व्यक्तिनाम मागून येते. किम म्हणजे सोने, ली म्हणजे आलुबुखाऱ्याचे झाड. पार्क या आडनावाची कथा मोठी रम्य आहे. सिल्ला राज्याचा संस्थापक भोपळ्याएवढ्या अंड्यातून जन्मला, आणि भोपळ्यास ‘पाक’ म्हणत, म्हणून हे कुलनाम पडले, असे सांगतात.

मग एवढे किम एकाच घराण्याचे काय? मुळीच नाही. प्रत्येक आडनावास ‘पोन्‌ग्वान’ म्हणजे मूळ स्थान जोडलेले असते. किम्हे गावचे किम निराळे, क्यॉङ्जू गावचे किम निराळे. आपल्याकडे गावास ‘कर’ जोडून आडनाव होते. तेथे गाव आडनावाच्या पाठीशी गोत्रासारखे उभे राहते. आडनाव आणि मूळ स्थान एकच असेल, तर विवाह निषिद्ध होता. किम्हेच्या किमांची संख्या 40 लाखांवर आहे, तेव्हा या निषेधाने किती प्रेमिकांची ताटातूट झाली असेल, याची कल्पना करावी. तेथील घटना न्यायालयाने 1997 साली हा निर्बंध अवैध ठरविला. आपल्याकडे सगोत्र विवाहाची आडकाठी कायद्याने 1946 साली दूर झाली होती.

किम्हेच्या किमांचा मूळपुरुष राजा सुरो. तेराव्या शतकातील ‘सामगुक युसा’ या ग्रंथाप्रमाणे, इसवी सन 48 मध्ये ‘आयुता’ देशाची राजकन्या समुद्रमार्गे येऊन त्याची राणी झाली. तिच्या दोन पुत्रांनी मातेचे ‘हॉ’ हे आडनाव चालविले, अशी परंपरा आहे. आयुता म्हणजे आपली अयोध्या, या श्रद्धेने 2001 साली अयोध्येत तिचे स्मारक उभारले गेले. इतिहासाच्या कसोटीवर ही कथा सिद्ध झालेली नाही. परंतु ती दोन देशांना जोडते, हे मात्र खरे.

तथापि सर्वांनाच राजवंश लाभला होता असे नव्हे. जुन्या काळी दासांना आणि अनेक सामान्यांना आडनावच नसे. 1894 च्या सुधारणांनी जन्मजात दर्जाचे भेद मोडले, 1909 च्या नोंदणी कायद्याने प्रत्येकास आडनाव मिळाले, आणि पुष्कळांनी प्रतिष्ठित कुळांचीच नावे स्वीकारली. नावांची ही गर्दी राजरक्ताची नव्हे, तर काल अनाम असलेल्यांच्या मानाच्या आकांक्षेची साक्ष आहे.

म्हणूनच 1940 चा घाव खोल गेला. जपानी सत्तेने कोरियनांना जपानी पद्धतीची कुलनामे घेण्याचे फर्मान काढले, आणि सहा महिन्यांत सुमारे 80 टक्के लोकांनी दडपणाखाली तशी नोंद केली. जपानची सत्ता गेल्यावर 1946 साली मूळ नावे परत मिळाली.

हजीऱ्याच्या किनाऱ्याने दक्षिणेस उतरावे, तर दमण आणि पुढे वसई लागते. 1534 ते 1739 या पोर्तुगीज अमदानीत वसईच्या ख्रिस्ती कुटुंबांना डिसोझा, परेरा, लोपिस अशी आडनावे लाभली. तरीही कित्येक घरांनी आपले जुने मराठी कुलनाम विसरू दिले नाही. नवे नाव आणि जुनी ओळख दोन्ही त्यांनी आपली म्हणून सांभाळली. कोरियातील घरांनीही आपली कुलनामे अशीच मनात जपली होती. राजसत्ता नोंदवहीतील नाव बदलू शकते; आजीच्या तोंडून नातवापर्यंत पोहोचलेले नाव पुसणे तिच्या हाती नसते.