अल्सरेटिव्ह कोलायटिस : औषधोपचार व खबरदारी

मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन व्रण पडणारा, वर्षानुवर्षे सोबत राहणारा रोग. शौचावाटे रक्त व आव पडते, पोटात मुरडा येतो. मूळव्याध समजून तो अंगावर काढला जाण्याचा धोका मोठा. निदानासाठी दुर्बिणीने आतडे तपासावे लागते.

सौम्य व मध्यम रोगात मुख्य औषध मेसालामाइन. स्वीडनच्या नाना स्वार्ट्झ यांनी १९४०च्या सुमारास सांधेदुखीसाठी पुढे आणलेल्या सल्फासालाझिनमधला हाच गुणकारी घटक. आवरण असलेली गोळी चावू किंवा कुटू नये. आवरण खाली आतड्यात पोचल्यावरच विरघळावे लागते. रक्त थांबले तरी गोळी चालूच ठेवायची, कारण रोग पुन्हा उसळू न देणे हेच तिचे काम. मूत्रपिंडासाठी अधूनमधून क्रिएटिनिन तपासतात.

सर्वांत जपून वापरायचे औषध प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. काही दिवसांतच आराम पडतो, आणि म्हणूनच जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून ते पुन्हा आणण्याचा मोह होतो. तो टाळलाच पाहिजे. दीर्घकाळ घेतल्यास साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू होतो. काही आठवडे घेतल्यावर एकदम बंद करणेही घातक. शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड तोवर मंदावलेले असते, म्हणून डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे : आतड्याचा क्षयही अशाच दाहासारखा दिसू शकतो, आणि क्षयावर नुसते स्टेरॉइड दिले तर तो भडकतो.

प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या अॅझाथायोप्रिन या औषधाने पांढऱ्या पेशी घटू शकतात. एनयूडीटी१५ या जनुकातील बदलामुळे हा धोका भारतीयांसह आशियाई लोकांत अधिक आढळतो. सुरुवातीला वरचेवर रक्ततपासणी हवी. ताप किंवा घसादुखी लपवू नये. संधिवाताच्या एका प्रकारात दिले जाणारे अॅलोप्युरिनॉल चालू असेल तर आधी सांगावे.

अंगदुखीवर डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन टाळावे; त्यांनी रोग उसळू शकतो.

 मुदखेड परिसरातल्या रुग्णाला मोठे सरकारी रुग्णालय जवळ म्हणजे नांदेडच्या विष्णुपुरीतले, डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे. जाताना दुर्बिणीचा अहवाल आणि चालू गोळ्यांच्या स्ट्रिपा सोबत न्याव्यात. मराठवाड्यात उन्हाळ्याचा पारा चाळिशी ओलांडतो. गुदमार्गाने ठेवायच्या औषधाच्या वड्या पत्र्याच्या घरात वितळतात, त्या वेष्टनावर लिहिलेल्या तापमानातच ठेवाव्यात.

दिवसात सहा किंवा अधिक रक्ताळ जुलाब आणि जोडीला ताप किंवा वेगवान नाडी असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अशा वेळी जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी घेऊ नये. आतडे फुगून फाटण्याची भीती असते.