पंचनाम्याची हजेरी

कल्याण-बदलापूर रस्त्यावर अपघात झाला की गर्दी पांगायच्या आत पोलीस दोघांना थांबवतात: ‘पंच म्हणून या.’ टेपचं एक टोक एकाच्या हातात. दुचाकी विजेच्या खांबापासून किती फुटांवर पडली, टायर घासल्याची खूण किती लांब, पूर्वेला काय, पश्चिमेला काय. शेवटी पंचनामा किती वाजता सुरू झाला, किती वाजता संपला, आणि सह्या. देशातल्या अपघाती मृत्यूंचा आकडा अशा कागदांतून वर जातो.

या कागदाचं कूळ जुनं आहे. ‘पंच’ आपला, ‘नामा’ फारसी, करारनाम्यातला, जाहीरनाम्यातला. मराठेशाहीत गोतसभेच्या निवाड्याचा कागद म्हणजे महजर. त्यावर पाटलाची निशाणी नांगर, शेट्याची तराजू. महजर आणि हजर एकाच अरबी धातूचे. जागेवर कोण हजर होतं, ही त्या कागदाची ताकद.

मला वाटतं, त्याची उणीवही तीच. उल्हासनगरच्या चौकात जखमी झालेला माणूस कळव्याला, तिथून सायनला हलवतात. अपघातानंतर 30 दिवसांत मृत्यू आला तर तो रस्त्यावरचाच मोजायचा, असा आंतरराष्ट्रीय संकेत, आपलाही. पण मृत्यू होतो एका हद्दीत, गुन्हा असतो दुसऱ्या हद्दीत. तिथे शून्य क्रमांकाने नोंद होऊन कागद मूळ ठाण्यात यावा लागतो. मग तपास अधिकारी निष्काळजीपणाने मृत्यूचं कलम वाढवतात. पूर्वी दंड संहितेचं 304-अ, जुलै 2024 पासून न्याय संहितेचं 106.

2016 साली सरकारी आकडा होता 1,50,785 मृत्यूंचा. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज 2,99,091. अंदाज हा अंदाजच. पण एवढी तफावत असताना ‘आपले रस्ते सुधारले’ असं छातीठोकपणे कोण म्हणेल?

राष्ट्रीय महामार्गावर 500 मीटरच्या पट्ट्यात 3 वर्षांत 10 मृत्यू झाले, की ‘ब्लॅक स्पॉट’ ठरतो. त्यासाठी जागा नेमकी हवी. ‘खांबाजवळ’ म्हणून भागत नाही. 2021 मध्ये अपघात नोंदवायचं ‘आयरॅड’ ॲप पहिल्यांदा सहा राज्यांत आलं, त्यात महाराष्ट्र होता. आता जागेचे अक्षांश-रेखांश मोबाइलवर उमटतात.

रुग्णालयातला कागद मात्र अजून यावाच लागतो. तो उल्हासनगरला पोचला नाही, तर पंचनाम्यात जखमी लिहिलेला माणूस जखमीच राहतो.