हँडल, सेल्फ आणि उस्तादचा कान

गावाकडून पाहुणे आले की आपण त्यांना चौमहल्ला राजवाड्यात नेतो. तिथली ती पिवळी रोल्स-रॉईस सगळ्यांनी पाहिली असेल. सहावे निजाम महबूब अली खान यांच्यासाठी मागवलेली ही सिल्व्हर घोस्ट. गाडी येण्याआधीच, 1911 मध्ये ते गेले आणि ती उस्मान अली खानांच्या वाट्याला आली. आत मागच्या बाजूला सिंहासनासारखी बैठक आहे. पण अशी शाही गाडी सुरू करायची, तर कुणीतरी पुढे उभं राहून हँडलच फिरवायचं! अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा सेल्फ 1912 च्या कॅडिलॅक गाड्यांना लागला. सिल्व्हर घोस्टला तो मिळाला 1919 मध्ये.

पुढे सेल्फ सगळीकडे आला, तरी हँडल गेलं नाही. 1956 साली हैदराबाद संस्थानातला मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि काचीगुडा, सुलतान बाजार, बडी चावडीतली आपली घरं इथेच राहिली. त्यानंतर वर्षा-दोन वर्षांतच उत्तरपाड्याची अँबेसिडर रस्त्यावर आली. आमच्याकडे होती ती सेकंडहँड. तिच्या डिकीत जॅकशेजारी हँडल पडलेलं असायचं. बंपरच्या भोकातून ते घालायचं, खालून वर ओढायचं, आणि अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा. इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा मोडायचा, म्हणून अण्णा आम्हा मुलांना हात लावू देत नसत.

या हँडलचा खरा उपयोग मला पुढे उमगला. ते नुसतं गाडी सुरू करत नव्हतं, रोगही ओळखत होतं. सेल्फ उठत नाही, पण हँडलवर गाडी चालू झाली, तर दोष बॅटरीत, तारांत किंवा सेल्फमध्ये. हँडल मारूनही ढिम्म, तर पेट्रोल येत नाही किंवा ठिणगी पडत नाही. आमचा उस्ताद म्हणायचा, "साब, बॅटरी बाद में बदलो. पैले आवाज सुनो." उन्हाळ्यात पंप तापून पेट्रोलची वाफ झाली, की तो पंपावर ओलं फडकं ठेवायचा आणि चहा सांगायचा. चहा संपेपर्यंत पंप निवायचा. गाडी फिरते पण पेटत नाही, असं झालं की डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून पॉइंट घासायचा.

आता हँडल गेलं. अँबेसिडरही 2014 मध्ये बंद झाली. पण रोग दोनच आहेत: इंजिन फिरतच नाही, किंवा फिरतं पण पेटत नाही. हा फरक न ओळखता आपल्या कितीतरी घरांत चांगली बॅटरी बदलली जाते आणि दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा उभीच. म्हणून उस्तादची रीत लिहून ठेवतो.

हेडलाइट लावा आणि चावी फिरवा. टक-टक-टक असा भराभर आवाज आला आणि लाइट मंदावले, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर दिसला तर तो साफ करून घ्या. लाइट लख्ख आणि एकच 'टक', तर संशय सेल्फवर. काहीच आवाज नाही, तर ऑटोमॅटिक गाडी पार्क किंवा न्यूट्रलमध्ये आहे का पाहा. काही मॅन्युअल गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही. इंजिन जोमात फिरतंय पण पेटत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका. चावीचं चित्र डॅशबोर्डवर लुकलुकत असेल तर दुसरी चावी लावून बघा. नव्या पेट्रोल गाडीत चावी 'ऑन' केल्यावर मागून पंपाची बारीक घूं ऐकू येते का, तेही ऐका.

मीटर असेल तर आणखी सोपं. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. 12 च्या आसपास असेल तर ती जवळजवळ रिकामी. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत 14 च्या जवळपास हवेत. तेवढे नसतील तर नवी बॅटरीसुद्धा उतरणार, कारण चार्जिंगच होत नाही. आपल्या मे महिन्याच्या उन्हात बॅटरी लवकर झिजते, थंडीत ती फक्त उघडी पडते.

आज आपल्यातले पुष्कळ जण सत्तरीपुढचे आहेत, मुलं परगावी. रात्री लग्नाहून निघताना गाडी अडली, तर फोनवर "सुरू होत नाही" एवढंच सांगू नका. "फिरते पण पेटत नाही" किंवा "नुसतं टक होतं" असं सांगा. मेकॅनिक बरोबर सामान घेऊन येईल. आमच्या उस्तादला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण त्याच्या कानाने शिकवलेलं हे घराघरांत राहावं, एवढंच.