रास, रचना आणि रिकामी जागा

वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. चौथ्या शतकात वाकाटकांचे राज्य विभागले गेले, तेव्हा सर्वसेनाने येथे राजधानी केली. याच शाखेतील हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, त्याचा अमात्य वराहदेव याने अजिंठ्याचे सोळाव्या क्रमांकाचे लेणे कोरविले. कोरणे म्हणजे वजा करणे. किती दगड काढावा आणि कोणता ठेवावा, म्हणजे छत तोलून राहील, हा प्रश्न त्या कारागिरांपुढे रोजचाच होता.

त्यानंतर थोड्याच वर्षांनी, इ.स. ४९९च्या सुमारास, आर्यभटाने एक वेगळा हिशेब श्लोकात बांधला. त्रिकोणी पायावर थरांवर थर रचत नेलेल्या राशीत एकूण नग किती? थरांची संख्या, तिच्यापुढील दोन संख्या, यांचा गुणाकार करून सहाने भागावे. चार थरांच्या राशीत वीस नग येतात. बाजारात संत्र्यांची रास लावणारा विक्रेता हीच रचना हाताने करतो.

याहून दाट रचना शक्य आहे काय, हा प्रश्न मात्र युरोपात विचारला गेला. १६११ मध्ये केप्लरने ‘नाही’ असे उत्तर दिले. पण ते अनुमान होते. या रचनेत प्रत्येक गोल बारा गोलांना टेकतो आणि सुमारे ७४ टक्के जागा भरते. टॉमस हेल्स यांनी १९९८ मध्ये याची सिद्धता जाहीर केली. तिची संगणकीय पडताळणी पूर्ण व्हायला २०१४ साल उजाडले.

दाट म्हणजेच भक्कम, असे आपण सहज गृहीत धरतो. २००७ मध्ये टोर्क्वाटो आणि स्टिलिंजर यांनी या समजुतीला तडा दिला. दाट रचनेतील एक तृतीयांश गोल वगळून, आत बोगदे असलेल्या रचना त्यांनी मांडल्या. भरलेली जागा जेमतेम ४९ टक्के, प्रत्येक गोलाला स्पर्श केवळ सातांचा; तरीही सारे जागच्या जागी अडकलेले. हलक्या पण मजबूत पदार्थांच्या विचाराला अशा रचनांतून दिशा मिळते. मात्र कोणतेही सात स्पर्श पुरत नाहीत; ते कोठे आहेत, यावर सारे अवलंबून असते.

साहित्याच्या अभ्यासकाने येथे वत्सगुल्माकडे परतावे. सर्वसेन स्वतः कवी होता. त्याचे ‘हरिविजय’ हे प्राकृत महाकाव्य आज समग्र उपलब्ध नाही; उरली आहेत ती अलंकारशास्त्रज्ञांनी उद्धृत केलेली पद्ये. ‘ध्वन्यालोका’त आनंदवर्धनाने या काव्याचा दाखला दिला आहे, तो रसानुकूल कथारचनेच्या संदर्भात. कवीने परंपरेतील कथा जशीच्या तशी न घेता रसाला पोषक अशी घडवावी, हे तत्त्व तो सांगत होता.

काव्य म्हणजे गोलांची रास नव्हे, हे उघड आहे. शिवाय उद्धरणे निवडणाऱ्यांचे हेतू शास्त्राचे होते. सर्वसेनाची कथा सावरून धरणे हा त्यांचा उद्देश नव्हता. म्हणून सुटी पद्ये कितीही जमली, तरी त्यांतून महाकाव्य आपोआप उभे राहत नाही. उलट, कथारचनेविषयीचे आनंदवर्धनाचे एक विधान अनेक पद्यांना एकमेकांशी जोडू शकते. लुप्त ग्रंथाच्या अभ्यासात किती उरले, हे आपण मोजतोच. जे उरले ते कशाला टेकून आहे, हेही तितक्याच काटेकोरपणे विचारावयास हवे. ते न विचारता भरलेल्या पोकळ्या सर्वसेनाच्या नसतात. त्या आपल्या असतात.