पदवीला जोड शिकाऊ उमेदवारीची

अलिबाग, खास प्रतिनिधी - रायगडच्या किनारपट्टीवर गेल्या चार दशकांत मोठे उद्योग आले. अलिबागजवळ थळ येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा (आरसीएफ) खतप्रकल्प १९८५ च्या सुमारास सुरू झाला. उरण तालुक्यातील न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये कार्यान्वित झाले. पेण तालुक्यात डोलवी येथे पोलाद कारखाना उभा राहिला. या तालुक्यांतील महाविद्यालयांतून दरवर्षी विज्ञान आणि वाणिज्य शाखेचे पदवीधर बाहेर पडतात. तरीही घराजवळच्याच कारखान्यात अर्ज करताना आपण अपात्र असल्याचे अनेकांना कळते. पदवीसोबत मागितलेले दुसरे प्रमाणपत्र त्यांच्याजवळ नसते.

नुसती बी.एस्सी. पुरत नाही

रासायनिक कारखान्यातील ऑपरेटरच्या पदाचे उदाहरण घेऊ. आरसीएफच्या ऑपरेटर प्रशिक्षणार्थी भरतीत रसायनशास्त्रातील बी.एस्सी. बरोबर ‘अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट’ (एओसीपी) या व्यवसायाची राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण असण्याची अट घातली जाते. केमिकल इंजिनीअरिंगची पदविका हा दुसरा पर्याय असतो. ही अट अनाठायी नाही. अमोनिया आणि युरियाच्या संयंत्रांत उच्च दाब, उच्च तापमान आणि विषारी वायू यांच्याशी रोजचा संबंध येतो. पंप, झडपा, उष्णता विनिमयक, नियंत्रण कक्षातील नोंदी आणि आणीबाणीत संयंत्र सुरक्षितपणे बंद करण्याची पद्धत या गोष्टी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत शिकता येत नाहीत.

एओसीपीचे प्रशिक्षण दोन मार्गांनी मिळते. दहावीनंतर आयटीआयमध्ये दोन वर्षांचा अभ्यासक्रम करता येतो. विज्ञान पदवीधराला मात्र पुन्हा आयटीआयची पायरी चढावी लागत नाही. तो थेट कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून दाखल होऊ शकतो. प्रयोगशाळा सहायक (केमिकल प्लांट) हा व्यवसायही त्याला खुला असतो.

कायदा काय सांगतो?

शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा आहे. १९७३ मधील दुरुस्तीने अभियांत्रिकी पदवीधर आणि पदविकाधारक त्याच्या कक्षेत आले, तर २०१४ च्या दुरुस्तीने कला, वाणिज्य आदी शाखांच्या पदवीधरांनाही हा मार्ग मोकळा झाला. २०१९ च्या नियमांनुसार ३० वा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक ठरले. पदवीधरांचे किमान विद्यावेतन त्याच नियमांनी दरमहा ९ हजार रुपये केले.

तथापि, शिकाऊ उमेदवारी म्हणजे नोकरीची हमी नव्हे. कायद्याच्या दृष्टीने शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. प्रशिक्षण संपल्यावर त्याला सामावून घेण्याबाबतचे धोरण मालकाने स्वतः ठरवायचे असते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या प्रकरणात, इतर बाबी समान असतील तर प्रशिक्षित उमेदवाराला प्राधान्य द्यावे, असे म्हटले होते. हे प्राधान्य महत्त्वाचे असले, तरी तो नोकरीवरील हक्क ठरत नाही.

येथे फसगत होते

ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून काम आणि नोंदणीकृत शिकाऊ उमेदवारी या दोन भिन्न गोष्टी आहेत. कामाची जागा एकच असू शकते. परंतु शिकाऊ उमेदवारीचा करार नोंदविलेला नसेल, तर कितीही वर्षे काम केले तरी शिकाऊ उमेदवारीची राष्ट्रीय परीक्षा देता येत नाही. उलट, वर्षभराचा वा अधिक अनुभव असलेल्यांना शिकाऊ उमेदवारीच्या जाहिरातींत बहुधा अपात्र धरले जाते. चार पैसे लगेच हाती येतात म्हणून पत्करलेले काम अशा रीतीने पुढचे दार बंद करू शकते. एकदा शिकाऊ उमेदवारी पूर्ण केल्यावर सहसा दुसरी मिळत नाही. त्यामुळे व्यवसायाची निवड विचारपूर्वक करावी लागते.

बंदरातील वाट

वाणिज्य पदवीधरांची स्थितीही फारशी वेगळी नाही. न्हावा-शेवा बंदरामुळे उरण-पनवेल पट्ट्यात कस्टम्स ब्रोकर, मालवाहतूक आणि गोदामांचे व्यवसाय वाढले. कस्टम्स ब्रोकरकडे नोकरी करीत ‘जी कार्ड’ परीक्षा उत्तीर्ण होणारा कर्मचारी सीमाशुल्क विभागासमोर कागदपत्रांवर स्वाक्षरी करू शकतो. पदवीधराला या कार्डावरील काही वर्षांच्या अनुभवानंतर स्वतःच्या परवान्याच्या परीक्षेचा विचार करता येतो. येथेही बी.कॉम. ही सुरुवात असते. बढती मिळते ती कामातून मिळविलेल्या दाखल्यामुळे.

अर्जापूर्वी एवढे पाहा

पदवीच्या शेवटच्या वर्षातच केंद्र सरकारच्या शिकाऊ उमेदवारी संकेतस्थळावर नोंदणीची तयारी करावी. जाहिरातीतील मुख्य विषय, वयोमर्यादा आणि पदवीच्या वर्षाची अट तपासावी. रुजू होताना कराराची नोंदणी झाल्याची खात्री करून घ्यावी आणि त्याची प्रत जपून ठेवावी. शेवटची परीक्षा चुकवू नये, कारण पुढील भरतीत विचारले जाते ते तिचेच प्रमाणपत्र.

स्थानिकांना नोकऱ्या मिळाव्यात, ही रायगडमधील जुनी आणि रास्त मागणी आहे. पण भरतीची जाहिरात निघेपर्यंत पात्रतेचा प्रश्न निकाली निघालेला असतो. स्थानिक तरुणांचा वाटा वाढायचा असेल, तर शिकाऊ उमेदवारांच्या जागा भरल्या जातात त्या वेळीच पालक, महाविद्यालये आणि लोकप्रतिनिधी यांनी लक्ष घालणे अधिक उपयोगाचे ठरेल.